खुंटीवरचं लुगडं

कुशाबाला लुगडं नेसता येत नव्हतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. अख्ख्या कुडपण गावात कुठल्या पुरुषाला ते येत होतं? पण सत्तरी ओलांडल्यावर शिकायची वेळ एकट्या कुशाबावर आली, आणि तीही एका म्हशीपायी.

म्हशीचं नाव चांदरी. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदरी. हिची पणजी कुशाबाच्या बायकोबरोबर, रखमाबरोबर, तिच्या माहेराहून, उमरठहून आंदण म्हणून आली होती. पुढे नवरी आणि मागे म्हैस अशी ती वरात चढ चढून वर आली, तेव्हा कुशाबाची आई म्हणाली होती की दोन सुना आल्या, आता बघू कोण जास्त दिवस टिकते. त्या नवरीची नातवंडं आता कॉलेजात जातात. कुशाबाच्या आज्यानं डोंगर फोडून भाताची खाचरं बांधली, बापानं वरच्या उतारावर, वरकसात, नाचणी आणि वरी केली, कुशाबानं ते सगळं जसंच्या तसं राखलं, आणि मुलगा दीपक भांडुपला राहून दर गणपतीत ते बघून जातो. शेत तुमच्या घराण्याचं, गोठा माझ्या घराण्याचा, असं रखमा म्हणायची. म्हणायची हसून, पण गोठ्यात कुशाबाचं काही चालत नसे हे खरंच होतं.

चांदरीच्या बाबतीत तर अजिबातच चालत नसे. तिचं पारडू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावलं. पारडू गेलेली म्हैस बहुतेक वेळा पान्हा चोरते आणि आटून जाते. पण रखमा तिच्या अंगाला टेकून उकिडवी बसायची आणि सडाला हात लावायच्या आधी बोलायला लागायची. काय बोलायची याला काही धरबंध नव्हता. कुणाकडे पाहुणे आले, भातावर कसला रोग पडलाय, सून फोनवर काय म्हणाली, नवऱ्यानं कालवणाला कसं नाक मुरडलं. घरातली एक गोष्ट त्या म्हशीपासून लपलेली नव्हती. चांदरी कान मागे टाकून ऐकायची आणि पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणाचा हात लागला की लाथ. पुरुषाचा आवाज कानावर आला की सगळं दूध वर ओढून घेऊन ढिम्म उभी.

अशा म्हशीची मालकीण ऐन लावणीच्या दिवसांत गोठ्याच्या पायरीवरून घसरली. पायरीवर शेवाळ होतं, हातात आंबोणाची, भिजवलेल्या पेंडीची बादली होती, आणि लक्ष म्हशीकडे होतं. खुब्याचं हाड मोडलं. तिला जीपमध्ये आडवी घातली, आधी पोलादपूर, मग महाड, आणि शेवटी दीपकनं तिला मुंबईलाच नेलं. जीपचं दार लावताना रखमानं कुशाबाचं मनगट धरलं. कळांनी तोंड पांढरं पडलं होतं, पण बोलली ते म्हशीचंच.

"चांदरीला सोडू नका. मी येईपातूर."

"नाय सोडत," कुशाबा म्हणाला.

लग्नात भटजी काय काय म्हणाले त्याला कुशाबानं नुसती मान हलवली होती. तोंडानं बायकोला दिलेला शब्द असा हा पहिलाच.

त्या संध्याकाळी चांदरीनं त्याला दोन लाथा घातल्या आणि सकाळी तिसरी. मग त्याची नजर खुंटीवर गेली. गोठ्यातल्या खुंटीवर रखमाचं धारेचं लुगडं लटकत असे. कधी काळी ते हिरवं होतं. धारेला बसताना ती तेच नेसायची, त्यामुळे त्यात दूध, पेंड, शेण, घाम सगळं मुरून बसलं होतं. धुतलंच तर नुसतं पाण्यातून काढायची. कुशाबानं गोठ्याचं दार लोटून घेतलं आणि ते लुगडं अंगाभोवती गुंडाळलं. त्याला नेसणं म्हणणं म्हणजे लुगड्याचा अपमान होता. मग डोक्यावरून पदर घेतला, मिशा पदरात लपवल्या आणि चकार शब्द न काढता तो म्हशीला टेकून बसला. चांदरीनं मान वळवून वास घेतला. बराच वेळ घेतला. आणि मग सोडला पान्हा.

आनंदाच्या भरात कुशाबा "शाबास गो" म्हणाला, आणि दुधाची चरवी लाथेसरशी भिंतीवर गेली. तेव्हापासून तो शहाणा झाला. लुगडं नेसायचं आणि मुकं राहायचं.

गावानं चेष्टा करायची ती केलीच. शेजारची तुळजाबाई, कुशाबाच्या चुलत भावाची बायको, पडवीतून ओरडून सांगायची, "भावजी, मागनं कासोटा सुटलाय." पण चेष्टा करता करता निऱ्या कशा घ्यायच्या तेही तिनंच लांबून हातवारे करून शिकवलं. गोठ्यात आणि त्याच्या पडवीत तेवढी फोनला रेंज येई. रखमाचा फोन आला की पहिला प्रश्न चांदरीचा. कुशाबानं एकदा लाजत लाजत लुगड्याचं सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की पायात कळ उठली, आणि सुनेनं, तेजश्रीनं, तिच्या हातातून फोन काढून घेतला. कुशाबाला बरं वाटलं. एवढं हसते म्हणजे येईल लवकर, असं त्यानं मनाशी धरलं.

श्रावणात भावकीतला धोंडू गेला. पिकलेला माणूस, त्याचं कुणाला फार वाईट वाटलं नाही, पण सुतक ते सुतक. सुतक फिटायच्या दिवशी घरातलं कापड न् कापड धुवायचं, ही इथली रीत. कुशाबाच्या घरात बाईमाणूस नाही म्हणून तुळजाबाई येऊन त्याचं बोचकं घेऊन ओढ्याच्या वाटेला लागली. आणि कुशाबाला खुंटीवरचं लुगडं आठवलं. सुतकात तो रोज तेच तर नेसत होता. ते तसंच ठेवून कसं चालेल? रखमा घरात नाही आणि रीत मोडली, असं कुणी म्हणायला नको. त्यानं हाक मारून तुळजाबाईला थांबवलं, चिखलातून तिच्यामागे गेला आणि स्वतःच्या हातानं ते लुगडं बोचक्यात कोंबलं.

"ह्ये पन ने. ऱ्हायलं होतं."

तुळजाबाई कामाला चोख. तिनं ते पावडरीत भिजवलं, साबण लावला, दगडावर आपटलं आणि घरी नेऊन पंख्याखाली वाळवलं. इतक्या वर्षांनी लुगड्याचा हिरवा रंग दिसला. घडी घालून तिनं ते आणून दिलं, तेव्हा त्याला साबणाच्या वडीचा छान वास येत होता. कुशाबानं तो वास घेतला आणि "लय बरं झालं" असंही म्हणाला.

संध्याकाळी चांदरीनं तोच वास घेतला. नाकपुड्या फेंदारल्या, दावं ताणून बाजूला झाली, आणि कुशाबा पुन्हा सरकून बसला तेव्हा त्याच्या गुडघ्यावर लाथ बसली.

तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं ते. त्यानं लुगडं आंबोणात बुचकळलं. शेणाच्या हातांनी चोळलं. रात्रभर म्हशीच्याच पाठीवर टाकून ठेवलं. पेटीतलं रखमाचं दुसरं लुगडं काढलं, तर त्याला डांबरगोळ्यांचा वास. तुळजाबाईनं रडत रडत आपलं लुगडं नेसून बसून पाहिलं, तिच्याही पोटरीवर वळ उठला. वास काही लावून लागत नाही, तो वर्षानुवर्षं बसावा लागतो. चांदरीची कास ताठ होत गेली. ती चारा सोडून उभी राहायची, आणि कुशाबा तिच्यासमोर हात मांडीवर टाकून बसायचा. म्हशीला दूध द्यायचं होतं, याला काढायचं होतं, आणि मधे काहीतरी असं होतं की दोघांचाही इलाज चालत नव्हता.

पोलादपूरहून गुरांचा डॉक्टर आला. नळी घालून त्यानं थोडं दूध काढलं, औषध दिलं. "हे रोज करता येणार नाही," तो म्हणाला. "आज-उद्यात कास हातानं पुरती मोकळी झाली पाहिजे. नाहीतर मागचे दोन्ही सड कायमचे जातील, आणि मग ही म्हैस दुधाची राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपक आला. रजा काढून आला होता आणि येताना सगळं ठरवूनच आला होता. जेवण झाल्यावर त्यानं बापाला पडवीत बसवलं.

"बाबा, टेन्शन घेऊ नका, पन एक सांगायचं हाय. डॉक्टर बोलला, आई आता खाली बसू शकनार नाय. कधीच. वॉकर घेऊन घरातल्या घरात चालेल, बस. हितं न्हानी बाहेर, गोठ्याला पायऱ्या, सगळा चढ. कसं आनायचं तिला?"

कुशाबा समोरच्या खाचरांकडे बघत राहिला. भात पोटरीला यायचं होतं अजून. "तिला सांगितलंस?"

"नाय. ती रोज विचारते, मी रोज बोलतो, बघू."

"मंग?"

"मंग काय. गुरांच्या दलालाला, मोरूला फोन केलाय. सकाळी टेम्पो घेऊन येतो. दुधाची म्हस म्हनून जाते तंवर जाऊ दे, बाबा. सड गेल्यावर कोन घेतो आणि कशाला घेतो, ते तुमाला ठाऊक हाय." तो जरा थांबला. "आणि शेत शेजारच्या काकांना कसायला लावू. तुमी चला माझ्यासंगं."

दीपक वाईट मुलगा नव्हता. आणि त्याच्या म्हणण्यात खोड काढावी असंही काही नव्हतं, हेच कुशाबाला सहन होईना. भांडायला समोर कुणी असतं तर तो भांडला असता. इथे एक मोडलेलं हाड होतं, एक धुतलेलं लुगडं होतं, आणि ते त्यानंच दिलं होतं धुवायला. "चांदरीला सोडू नका, मी येईपातूर." ती येणार नव्हती. मग शब्द कुठवर पाळायचा? आणि चांदरी गेली तर रखमाला कळायचं राहील का, की आपण येणार नाही म्हणूनच ती दिली?

उन्हं कलल्यावर तो उठला. काही होणार नाही हे ठाऊक होतं तरी त्यानं लुगडं नेसलं, निऱ्या काढल्या, पदर घेतला आणि चरवी घेऊन बसला. चांदरीनं अंग चोरलं. दगडासारख्या कासेवर हात ठेवून कुशाबा तसाच बसून राहिला.

दीपक दारात येऊन उभा होता. बापाला त्या वेषात त्यानं पहिल्यांदा पाहिलं. हसला नाही. मग त्याला काय आठवलं कोण जाणे. लहानपणी तो गोठ्याच्या पडवीतच निजायचा, आणि सकाळी आईच्या त्या न संपणाऱ्या बडबडीनंच उठायचा. तो मागे सरला आणि पडवीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलला. "तेजू, आईला दे. तिला सांग, धारेला बसलीयस असं समज आणि चांदरीशी बोल. बाकी काय नको विचारू." परत आला तो पाय न वाजवता. आल्या आल्या म्हशीच्या डोक्याशी बसला आणि फोन गव्हाणीच्या कडेला धरला.

"कुटं गेली माझी बाय?" रखमाचा आवाज गोठ्यात आला. "कुटं गेली गो चांदरी? रुसलीस व्हय? अगो, मी काय मजा मारायला आले काय हितं? हितं खिडकीतनं काय दिसतं म्हाईत हाय? दुसऱ्याची खिडकी."

चांदरीचा कान वळला. मग मान वळली.

"चारा खाल्लास का नाय? ह्यांनी पेंड भिजवली का नाय नीट? ह्यांना कोरडी घालायची सवय. तू ढोसायचं शिंगानं."

कुशाबाच्या बोटांखाली काहीतरी सैल झालं. त्यानं श्वास धरून सड ओढला. पहिली धार चरवीच्या तळावर वाजली, मग दुसरी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"येतंय येतंय," तिकडून रखमा म्हणाली. "ऐकू येतंय मला. सोड गो बाय, सोड." आणि ती बोलत राहिली. तेजश्रीच्या हातच्या भाकरीबद्दल बोलली, नात अपेक्षा वॉकर धरून कशी चालवते ते बोलली. पुढचे दोन सड मऊ पडले. कुशाबानं हात मागच्या सडांना घातला. ते अजून गच्च होते, थेंब थेंब येत होतं.

मग रखमा थांबली. थोड्या वेळानं बोलली तो आवाज वेगळा होता.

"अवो. तुमी बसलाय ना? तुमीच बसलाय. धारेवरनं कळतं मला, तुमचा हात जड हाय."

कुशाबानं दीपककडे पाहिलं.

"एक विचारते. दीपक बघू बोलतो. तेजू टीव्ही लावते. तुमी माझ्याशी कधी खोटं बोलला नाय, म्हनून तुमाला विचारते. खरं सांगा. मी परत घरी येनार का नाय?"

मागच्या सडातून त्याच क्षणी धार सुटली. जाड, पिवळसर, अडकून पडलेली. कुशाबाचं तोंड पदराआड उघडलं. एक शब्द निघाला असता तर चांदरीनं सगळं वर ओढून घेतलं असतं, आणि सकाळी टेम्पो येणार होता. आणि शब्द तरी कुठला? येशील म्हटलं असतं तर ते तिच्याशी पहिलं खोटं. नाही म्हणायला त्याची जीभ उचलली नसती. त्याचे हात तेवढे चालत राहिले. चरवीत धार पडत राहिली, आणि फोनमधून भांडुपच्या घरातला पंखा ऐकू येत राहिला.

"बरं," रखमा म्हणाली.

दीपकनं मान खाली घातली. पण फोन त्यानं हलू दिला नाही.

"तर गो चांदरी," रखमा पुन्हा बोलायला लागली. आवाज ओला होता, पण ती थांबली नाही. थांबली तर म्हैस दूध चोरेल हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "ऐकतेस ना? धोंडूभावजी गेले म्हनं. चांगले होते. आपल्या वरकसाचा बांध त्यांनीच घालून दिलेला. सोड, सगळं सोड. आत काय ठेवू नको गो बाय. आत ठेवलं की दुखतं."

कास रिकामी होऊन लोंबायला लागली, तेव्हाच कुशाबा उठला. चरवी लांब नेऊन ठेवली आणि फोन दोन्ही हातांनी घेतला.

"अगो रखमा..."

"बाबा, मी तेजश्री. आई डोळे मिटून पडल्यात. नंतर बोलते म्हणाल्या."

मोरूला दीपकनं तिथूनच नको म्हणून कळवलं. जाताना त्यानं आपला तोच जुना मोबाइल बापाला दिला. फोनवरचं बोलणं त्यात आपोआप भरून राहतं, तसं ते सगळं भरलं होतं, आणि सुरुवातीचा आपला आवाज त्यानं कापून टाकला होता. कुठे बोट दाबायचं ते त्यानं पुन्हा पुन्हा दाखवलं.

"दोन टाइम हेच लावा. चांदरी सोडेल पान्हा." मग बापाकडे न बघता म्हणाला, "मधलं ते तेवढं मी कापून टाकतो."

"नको."

"बाबा, रोज ऐकनार तुमी ते?"

"बाकी सगळं ती चांदरीशी बोलली," कुशाबा म्हणाला. "माझ्याशी तेवढंच."

गणपती आले आणि गेले. रखमाचा फोन येतो. चांदरी कशी हाय, दूध देते का, भात निसवलं का, सगळं विचारते. ते एक मात्र तिनं पुन्हा विचारलं नाही. एकदा कुशाबानं मनाचा हिय्या केला. "रखमा, त्या दिशी धारेला मी गप ऱ्हायलो ते..." म्हणेपर्यंत ती म्हणाली, "पेंड भिजत घाला आता, उशीर होतोय." आता मधे म्हैस नाही, काही नाही, बोलायला कुणाची आडकाठी नाही. पण काय बोलायचं ते त्याला अजून सापडलेलं नाही.

रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी तो खुंटीवरचं लुगडं काढतो. निऱ्या आता झकास येतात. मोबाइल गव्हाणीच्या कडेला उभा करतो, बोट दाबतो आणि चांदरीला टेकून बसतो. रखमा म्हशीला लाडीगोडी लावते, पेंडीवरून त्याला टोमणा मारते, सुनेच्या भाकरीला नावं ठेवते. पुढचे सड मऊ पडतात. मग ती थांबते, आणि कुशाबा पदराचं टोक दातांत घट्ट धरतो.

"खरं सांगा," रखमा म्हणते.

मागच्या सडांतून धार सुटते. तो गप्प राहून काढत राहतो, आणि थोड्या वेळानं ती बरं म्हणते.